गोळ्यांची पिशवी घेऊन जा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वडील, म्हणजे अण्णा, ६८ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. शुगर वीस वर्षांची, गेली तीन वर्षं इन्सुलिन. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकत्र असलेली गोळी. चढावर छाती भरून यायची म्हणून अँजिओग्राफी केली, तिन्ही नळ्यांत ब्लॉक निघाले. पुण्याच्या सर्जननी महिन्याभरात बायपास करून घ्या म्हणून सांगितलं. पंपिंग (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद) ४५ टक्के, हिमोग्लोबिन १०.४, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.४. "थोडं बॉर्डरवर आहे, बघू," एवढं म्हणून फाइल मिटली गेली.

तेवढ्यात आत्यांनी आपल्या दिरांची हकिगत सांगितली. त्यांना दोन वर्षांपूर्वी रात्रीतून अटॅक आला, हृदयाला आधार द्यायला बलून पंप लावला, पहाटे व्हॉल्व्ह आणि बायपास एकदमच केलं. पुढे किडनी बंद पडली, महिनाभर डायलिसिस चाललं आणि ते गेले. आत्या म्हणतात, "हृदय दुरुस्त करायला जाल आणि किडनी घालवून बसाल." पुण्यातला भाऊ म्हणतो, आपण 'बीटिंग हार्ट', म्हणजे हृदय न थांबवता बायपास, करून घेऊ, किडनीचा प्रश्नच येत नाही.

खरी अडचण पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. अण्णा गुडघ्यांसाठी सात-आठ वर्षं डायक्लोफिनॅक घेतात, बहुतेक दिवशी दोन गोळ्या, आणि त्या मेडिकलमधून आणून देतात ताईच. शिवाय आठवडी बाजारातून शुगरची एक पुडी येते. यातलं काहीच सर्जनना सांगितलेलं नाही, कारण अण्णांना वाटतं, सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील. आणि क्रिएटिनिनचं अण्णांना सांगितलेलं नाही, कारण भावाला वाटतं, ते घाबरतील. "हृदय वाचवू की किडनी? आणि किडनी गेली तर ती माझ्यामुळेच ना?" असं ताईंनी विचारलं आहे.

*

ताई,

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. हृदयाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला ज्या आयसीयूत आणतात तिथे सव्वीस वर्षं सिस्टर होते. त्यामुळे ऑपरेशन करा की नको, हे माझ्याकडून मिळणार नाही. सर्जनसमोर बसताना हातात काय असावं, ते मात्र सांगू शकते.

बायपासच्या पहिल्या रात्री काचेपलीकडून घरची माणसं मॉनिटरवरच्या रेषेकडे बघत असतात. आमचं लक्ष पलंगाखाली. तिथे लघवीच्या पिशवीला एक पारदर्शक डबी जोडलेली असते, मिलिलिटरच्या खुणांची. युरोमीटर. दर तासाला वाकायचं, टॉर्च मारून आकडा वाचायचा, चार्टवर लिहायचा, डबी पिशवीत रिकामी करायची. किलोमागे तासाला अर्धा मिली हा हिशोब. अण्णा समजा ६४ किलोंचे असतील, तर तासाला ३२ मिली. दोन तास लागोपाठ वीस-पंचवीसच आले की डॉक्टरांना फोन. सहा तास तसंच राहिलं, तर रक्ताचा रिपोर्ट काहीही म्हणो, तिला किडनीची इजा म्हणतात. कारण क्रिएटिनिन म्हणजे पंचनाम्याला उशिरा पोचणारा साक्षीदार. किडनीला मार बसल्यावर ते चढायला एक-दोन दिवस घेतं.

हे मुद्दाम आधी सांगितलं. ऑपरेशननंतर किडनीवर थोडाफार ताण येणं ही आत्यांच्या दिरांपुरती घडलेली विपरीत गोष्ट नाही. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं तरी इजेत धरायचं, अशी बारीक व्याख्या लावली तर हृदयाच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या वीस ते तीस जणांत ती सापडते. त्यातल्या बहुतेकांचं क्रिएटिनिन काही दिवसांत खाली येतं. डायलिसिसपर्यंत जाणारे शंभरात एक ते पाच. पण जे जातात त्यांचं दुखणं गंभीर असतं, त्यांतले बरेच जण वाचत नाहीत, हेही तुमच्यापासून लपवत नाही. आत्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं.

फक्त आत्यांचे दीर आणि तुमचे अण्णा यांना एका तागडीत घालू नका.

२००५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी तीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी चाळून एक गुणपत्रिका तयार केली. ऑपरेशननंतर डायलिसिस लागण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. एकूण गुण १७, आणि इथे गुण जितके कमी तितकं बरं. आणीबाणीत ऑपरेशन असेल तर २. आधीच बलून पंप लावलेला असेल तर २. व्हॉल्व्ह आणि बायपास एकत्र असेल तर २, नुसता व्हॉल्व्ह असेल तर १. पंपिंग ३५ टक्क्यांखाली, हार्ट फेल्युअर, दम्यासारखा फुप्फुसांचा जुना आजार, पूर्वी झालेलं हृदयाचं ऑपरेशन, इन्सुलिनवर असलेली शुगर, आणि बाई असणं, याचा प्रत्येकी १. क्रिएटिनिन १.२ ते २.१ च्या आत असेल तर २, त्याच्या वर गेलं तर एकदम ५.

आता मांडा. आत्यांच्या दिरांना आणीबाणी, बलून आणि दुहेरी ऑपरेशन यांचेच ६ झाले. त्यांचं पंपिंग, क्रिएटिनिन आपल्याला ठाऊकही नाही. ६ ते ८ गुणांत डायलिसिसची शक्यता शंभरात आठ-दहा होते, ९ च्या पुढे पाचात एक. अण्णांचं बघा. इन्सुलिनचा १, क्रिएटिनिनचे २. ठरवून केलेलं, नुसतं बायपास, पंपिंग ४५. बेरीज ३. त्या गटात शंभरात दोनच्या आसपास. हा अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयाचा आणि वीसेक वर्षांपूर्वीचा हिशोब आहे, पुण्यात तो जसाच्या तसा उतरेल असं कुणी सांगू नये. पण दोन माणसांमधलं अंतर कळायला तेवढा पुरतो.

या गुणपत्रिकेत वय नाही, हिमोग्लोबिन नाही. तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावरच्या गोळ्या तर नाहीतच. म्हणून सर्जन समोरच्या फाइलवरून मनात जो अंदाज बांधत असतील तो अपुरा आहे, आणि तो अपुरा ठेवलाय आपण घरच्यांनी.

तुम्ही कधी शेतात दारं धरायला गेला असाल तर हे लगेच कळेल. पाटाचं पाणी वाफ्यात घेताना आत येणारं दार आणि बाहेर जाणारं दार यांचा मेळ घालावा लागतो. पाणी कमी आलं तर आतलं दार मोठं करायचं, बाहेरचं आवळायचं, म्हणजे वाफ्यात पातळी टिकते. किडनीच्या प्रत्येक बारीक गाळणीला अशीच दोन दारं आहेत आणि रक्ताचा दाब कमी झाला की ती आपोआप धरली जातात. डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या आतलं दार उघडू देत नाहीत. टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल सोडतं. लघवीची गोळी पाटातलं पाणीच कमी करते. यातलं एकेक औषध एरवी माणूस निभावून नेतो. टेल्मिसार्टन तर शुगरवाल्याच्या किडनीला लांबच्या पल्ल्यात फायद्याचंच. पण तिन्ही एकत्र, त्यात ऑपरेशनच्या टेबलावर दाब खाली-वर, म्हणजे दारं धरणाऱ्याचे दोन्ही हात बांधून पाणी सोडल्यासारखं झालं.

ही गोष्ट सर्जनना कळली तर ते ऑपरेशन नाकारतील, या अण्णांच्या भीतीला मी पाहिलेला तरी आधार नाही. ते काय करतील ते सांगते. डायक्लोफिनॅक आजच्या आज बंद करायला लावतील. बीपीची गोळी ऑपरेशनच्या किती तास आधी थांबवायची ते ठरवतील. क्रिएटिनिन पुन्हा तपासतील, गरज वाटली तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवतील. अमिकासिनसारखी किडनीला जड जाणारी अँटिबायोटिक टाळतील. आणि वॉर्डात रात्री अण्णा "छाती दुखतेय" म्हणाले की ड्यूटीवरची सिस्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन भरणार नाही, कारण तिच्यासमोरच्या कागदावर लाल शाईत 'नको' लिहिलेलं असेल. बायपासनंतरच्या दुखण्याला या जातीची औषधं देऊ नयेत, असा ठळक इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावरच छापतात, आणि तोही मुख्यतः हृदयाच्या धोक्यापायी. अण्णा जे सांगायला कचरताहेत ते त्यांच्या हृदयासाठीही सांगायला हवं.

पुडीचंही सांगा. आयुर्वेदाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण लेबल नसलेल्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अशा पुड्यांत शिसं, पारा सापडल्याच्या नोंदी आहेत, शुगरच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातलेल्याही सापडल्या आहेत. ती बंद केल्यावर शुगर अचानक चढली तर नवल वाटून घेऊ नका, इन्सुलिनच्या डॉक्टरांना कळवा.

डायक्लोफिनॅक बंद म्हटल्यावर तुम्ही विचाराल, गुडघ्यांचं काय? पॅरासिटामॉल किती आणि कितीदा चालेल हे फॅमिली डॉक्टरांना विचारून घ्या. गरम पाण्याची पिशवी आहे, खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम आहे. डायक्लोफिनॅक इतका आराम यातून पडणार नाही, हे मी कबूल करते. चार आठवडे कुरकुर ऐकावी लागेल. पण 'पेनकिलर बंद' याचा अर्थ ॲस्पिरिन बंद असा घेऊ नका! ती हृदयाची गोळी आहे, ती सर्जन सांगतील तेव्हाच आणि ते म्हणतील तरच. एका काकूंनी अशीच नवऱ्याची ॲस्पिरिन काढून घेतली होती आणि वर अभिमानाने आम्हाला सांगितलं होतं.

आता त्या १.४ कडे येऊ. "बॉर्डरवर" या शब्दाचा मला राग आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा कचरा. तालमीतल्या पोराचं १.४ आणि ६८ वर्षांच्या माणसाचं १.४ सारखं नव्हे. वय घालून हिशोब केला तर अण्णांची किडनीची गाळण्याची क्षमता, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ५५ च्या घरात येते. तरण्या निरोगी माणसाची शंभरच्या आसपास असते. अंगाने वाळलेला माणूस असेल तर खरी क्षमता याहून कमीही असू शकते. म्हणजे राखीव साठा बराच वापरून झालाय. ऑपरेशननंतरच्या इजेचा सगळ्यात पक्का अंदाज आधीच्या किडनीवरूनच येतो. तेव्हा हा आकडा "बघू" म्हणून सोडण्यातला नाही.

पण तो आकडा कधीचा आहे? तुम्ही पत्रात अँजिओग्राफीची तारीख लिहिलीत, क्रिएटिनिनची नाही. अँजिओग्राफीत जो डाय टाकतात त्याने किडनी दमली तर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढतं आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात खाली येतं. १.४ हे डायच्या आधीचं असेल तर डायनंतरचं आपल्याला माहीतच नाही, कदाचित जास्त असेल. डायनंतर लगेचचं असेल तर अण्णांचं मूळचं कदाचित १.२ असेल. त्यात डायक्लोफिनॅक बंद केल्यावर ते आणखी थोडं उतरण्याची शक्यता आहे. म्हणून सर्जनना विचारा: "महिन्याभरात म्हणालात, तर दहा-पंधरा दिवस थांबून पुन्हा तपासलं तर चालेल का?" चालेल की नाही हे ब्लॉक कुठे आहे यावर ठरेल, ते त्यांनाच माहीत. बसल्या जागी छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर ही सगळी चर्चा बंद आणि सरळ रुग्णालय. किडनीसाठी थांबता थांबता अटॅक ओढवून घेतला तर ठरवून होणारं ऑपरेशन आणीबाणीचं होतं, आणि गुण किती वाढतात ते वर पाहिलंतच.

त्याच वेळी लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, जातंय का याची तपासणी करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे, लघवीचा एक नमुना लागतो. वीस वर्षांच्या शुगरवाल्याची ती दरवर्षी व्हायला हवी. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणजे झाली नसावी. अल्ब्युमिन जात असेल तर क्रिएटिनिन बरं दिसत असूनही किडनी नाजूक आहे असं धरतात.

हिमोग्लोबिन १०.४ हेही कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. बायपासच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम जे मशीन करतं, त्याच्या नळ्या आधी लिटरभर किंवा त्याहून जास्त द्रावाने भरलेल्या असतात. मशीन सुरू झालं की ते अंगातल्या रक्तात मिसळतं. आधीच पातळ असलेलं रक्त आणखी पातळ होतं. किडनीला रक्त भरपूर मिळतं, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच, पण तिचा आतला गाभा एरवीही ऑक्सिजनच्या जेमतेम शिधावर जगतो. रक्त पातळ, त्यात दाब कमी, त्यात मशीन दोन-अडीच तास चाललं, की पहिला फटका त्या गाभ्याला. मग रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागतात, आणि जास्त रक्त चढवणं हेही किडनीच्या इजेशी जोडलेलं आढळतं. म्हणून पंधरा दिवस मिळाले तर ते इथे लावा: रक्तात लोह किती आहे तपासा, कमी असेल तर शिरेतून देता येईल का विचारा. बीट आणि खजूर खाऊन पंधरा दिवसांत ते भरून निघणार नाही, आणि शुगरवाल्याला खजूर तर नकोच.

दादांच्या 'बीटिंग हार्ट'विषयी. मशीन न लावता धडधडत्या हृदयावर बायपास करणारे उत्तम सर्जन आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि दादांचा तर्क चुकीचा नाही. मशीन नाही म्हणजे रक्त पातळ होणं नाही. हा तर्क मोठ्या प्रमाणावर तपासलाही गेला आहे, भारतातली रुग्णालयंही त्यात होती. २,९३२ रुग्णांच्या किडनीचा निकाल २०१४ साली आला. मशीनवर केलेल्यांत २०.८ टक्के जणांना इजा झाली, मशीनशिवाय केलेल्यांत १७.५ टक्के. फरक पडला. पण वर्षभराने दोन्ही गटांची किडनी मोजली तर सारखीच. आणि १७.५ म्हणजे शून्य नव्हे, "प्रश्नच येत नाही" असं तर मुळीच नव्हे. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे ती त्यांना करू द्यावी असं माझं मत. किडनीचं नाव पुढे करून सर्जन बदलायला निघू नका.

काही वाचक लिहितील, मग स्टेंट टाकून मोकळं का होऊ नये? विचारायला हरकत नाही. पण स्टेंटला पुन्हा डाय लागतो, तिन्ही नळ्यांना बराच लागतो. शिवाय शुगर आणि एकाहून जास्त नळ्यांत ब्लॉक अशा १,९०० रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा लकवा यांतलं काही झालेले स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के, बायपासवाल्यांत १८.७. लकवा मात्र बायपासमध्ये जास्त होता. अण्णांना बायपास सुचवलं गेलं त्यामागे हे असणार. आणि काहीच न करणं? पंपिंग ४५ वरून ३० वर उतरलं तर किडनीला जाणारं रक्तही उतरेल. 'हृदय की किडनी' असा पर्याय तुमच्यापुढे कुणी ठेवलेलाच नाही ताई, तो आत्यांच्या वाक्यातून आला आहे. अण्णांच्या किडनीला हृदय लागतंच.

"किडनी वाचवणारं इंजेक्शन असतं म्हणे," हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून थोडं अवांतर. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही रुग्णामागून रुग्णाला 'रीनल डोस', म्हणजे किडनीसाठीचा बारीक डोस, म्हणून डोपामिन हे दाबाचं औषध लावायचो. मी स्वतः किती सिरिंज पंप भरले असतील त्याचा हिशोब नाही. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंमधला अभ्यास आला आणि त्याने किडनीचा काहीही बचाव होत नाही असं दिसलं. हळूहळू ते थांबलं. लॅसिक्स हे लघवीचं औषध दिल्यावर धार लागते, घरचे खूश होतात, पण धार लागली म्हणजे किडनी वाचली असं नसतं. नुसतं साठलेलं पाणी बाहेर पडतं. अलीकडे, २०२४ साली, ३,५११ रुग्णांवर शिरेतून अमिनो ॲसिड देऊन पाहिलं, तर इजा ३१.७ टक्क्यांवरून २६.९ वर आली. चांगली बातमी आहे, पण ते आयसीयूत मोजून द्यायचं सलाइन आहे. हे वाचून अण्णांना घरी प्रोटीन पावडर सुरू कराल तर माझ्याशी गाठ आहे. आजही बहुतेक फायदा होतो तो साध्या गोष्टींतून: दाब पडू न देणं, अंगात पाणी ना कमी ना जास्त, शुगर आटोक्यात, नको ती औषधं दूर, आणि दर तासाला वाकून ती डबी बघणारी सिस्टर.

आता अण्णांपासून लपवण्याबद्दल. ज्या माणसाने तीस वर्षं घाटातून भरलेली एसटी उतरवली, त्याला ब्रेक थोडा सैल आहे हे न सांगता गाडी हातात द्यायची? गाडी त्यांची आहे. संमतीच्या कागदावर सही त्यांची लागते, आणि डायलिसिसची वेळ येऊ शकते हे त्या कागदावर बहुधा छापलेलं असतंच. तिथे पहिल्यांदा वाचून ते जास्त घाबरतील. दादांना घेऊन बसा आणि साधं सांगा: "अण्णा, किडनी थोडी कमजोर आहे. म्हणून गोळ्या बदलायच्यात आणि काही दिवस तयारी करायचीय." डायक्लोफिनॅक का बंद करायचं हेही त्याशिवाय त्यांना पटणार नाही. न सांगता गोळ्या लपवून ठेवाल तर ते शेजारच्या पोराला पाठवून आणतील. ड्रायव्हर मंडळी मी बरीच पाहिलीत.

आणि "माझ्यामुळेच ना?" याचं उत्तर. थोडा हात त्या गोळ्यांचा असेल, वीस वर्षांच्या शुगरचा त्याहून मोठा, बीपीचा आणि वयाचाही. कोणाचा किती हे कुणीच वाटून देऊ शकणार नाही. तुम्ही आणल्यात हे खरं, पण सात वर्षं चिठ्ठीशिवाय त्या काउंटरवरून मिळत राहिल्या, आणि बीपीची गोळी लिहून देणाऱ्याने "आणखी काय घेता?" असं विचारलं नाही, हेही तितकंच खरं. तुम्हाला जे माहीत नव्हतं त्याचं ओझं मी तुमच्यावर टाकणार नाही. मात्र आता माहीत झालंय. पुढच्या भेटीतही हे सांगितलं नाही, तर ते तुमच्याकडे राहील.

ऑपरेशननंतर आयसीयूत भेटायला जाल तेव्हा "लघवी झाली का?" असं विचारू नका, नळी लावलेली असते, "झाली" हेच उत्तर मिळेल. "तासाला किती येतेय, आणि क्रिएटिनिन आधीपेक्षा किती?" असं विचारा. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर शेवटचं क्रिएटिनिन लिहिलंय का बघा. ते वाढलं होतं आणि मग उतरलं, असं झालं तरी दोन-तीन आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण एकदा मार खाल्लेली किडनी पुढे हळूहळू खचू शकते. घरी आल्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर बीपीची, लघवीची आणि मेटफॉर्मिनची गोळी त्या दिवशी द्यायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय देऊ नका. ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार असेल, तर आयसीयूतले जादा दिवस आणि डायलिसिस त्यात बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना एक कापडी पिशवी घ्या. घरात अण्णांच्या नावाची जेवढी औषधं आहेत, चालू, बंद, अर्धी, फडताळातली आणि उशाखालची, सगळी तीत भरा. डायक्लोफिनॅकच्या रिकाम्या स्ट्रिपा फेकल्या असतील तर मेडिकलवाल्याकडून नाव आणि पॉवर कागदावर लिहून आणा. बाजारातली पुडी तशीच कागदासकट घाला. शुगरच्या गोळ्यांत एखादीचं नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपत असेल तर ती वेगळी दाखवा, ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी ती थांबवावी लागते. पिशवी सर्जनच्या टेबलावर ओता. भूल देणारे डॉक्टर वेगळे भेटतील, त्यांच्याही. बोलायला जड जात असेल तर काहीच बोलू नका, त्या गोळ्या बघून पुढचं ते विचारतील.

आणि त्या १.४ च्या रिपोर्टवरची तारीख आज रात्रीच बघून ठेवा.